बाजारपेठेपासून घाटमाथ्यापर्यंत: जुन्नरच्या पायवाटा आणि सायकलवाटा

शनिवार, १० जानेवारी

पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगाव सोडून गाडी पश्चिमेला वळली की उसाच्या आणि द्राक्षांच्या शिवारापलीकडे डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात आणि साधारण पंधरा किलोमीटरनंतर, शिवनेरीच्या कातळाखाली, जुन्नर लागते. पुण्यापासून हे अंतर सुमारे ९५ किलोमीटर. बरोबर माझी धाकटी बहीण होती आणि गाडीच्या मागे गिअरच्या दोन सायकली बांधलेल्या होत्या. गाडी लॉजच्या आवारात उभी करून ठेवायची, पुढचे सगळे दिवस पायी किंवा सायकलनेच फिरायचे आणि प्रत्येक वाट जुन्नरच्या बाजारपेठेपासून सुरू करायची, एवढा बेत पक्का होता.

हा आग्रह थोडा विचित्र वाटेल. जुन्नरला येणारे बहुतेक जण शिवनेरी पाहतात, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गणपतीचे दर्शन घेतात आणि संध्याकाळी परततात. मधले गाव गाडीच्या काचेतून मागे सरकते. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. कल्याण बंदरात उतरलेला माल नाणेघाटाने वर चढून जुन्नरमार्गे पैठणकडे जाई, त्या मालाच्या राखणीसाठी किल्ले आले, त्याच मालावर श्रीमंत झालेल्यांनी लेणी खोदून घेतली. पोट बाजाराचे आणि बाकीचे सारे त्यामागून आलेले, असा हा प्रदेश आहे.

उन्हे कलल्यावर शेजारच्या हापूसबाग गावाच्या बाजूला पायी निघालो. गावापासून ही चाल अगदी सपाट आणि सोपी आहे. शेतांच्या मधोमध उभा असलेला सौदागर घुमट चौकोनी, भक्कम आणि आतून अनपेक्षितपणे उंच आहे. बाहेरच्या भिंतींवरील कमानी आणि कोनाडे जवळून पाहिले की चुन्यातील नक्षीकामाचे कौतुक वाटते. ही कबर नेमकी कोणाची, यापेक्षा तिला लोकांनी सौदागराची म्हणून ओळखावे, हेच मला जास्त महत्त्वाचे वाटले. राजाच्या थाटाची इमारत व्यापाऱ्याच्या नावावर जमा करायला गावाला काही अडचण वाटली नाही.

रविवार, ११ जानेवारी

संक्रांत तीन दिवसांवर आलेली, त्यामुळे आजचा आठवडे बाजार नेहमीपेक्षा भरलेला होता. लाल आणि काळ्या सुगडांचे ढीग रस्त्याच्या कडेला गवतावर मांडलेले होते आणि बायका प्रत्येक सुगड उचलून, बोटाच्या पेराने टिचकी मारून, आवाज ऐकून मगच बाजूला काढत होत्या. भोगीच्या भाजीचे सगळे जिन्नस एकाच ठिकाणी मिळत होते: पावटा, घेवडा, हरभऱ्याचे घाटे, गाजरे, काटेरी वांगी, बोरे आणि उसाचे करवे. तिळाचे भाव विचारणाऱ्यांची गर्दी वेगळी. बाजाराच्या पश्चिमेकडील टोकाला आदिवासी पट्ट्यातून आलेल्या मावश्या बसल्या होत्या; त्यांच्यापुढे नाचणी, वरई, खुरासणी आणि हातसडीचा तांदूळ थोडा थोडा मांडलेला होता. त्यांच्या शेजारी बुरूड टोपल्या, सुपे आणि कणगीची झाकणे विकत होते. सुक्या मासळीचा वास नाक धरून पुढे जायला लावतो, पण बोंबील आणि सुकट घेणाऱ्यांची रांग भाजीपेक्षा मोठी होती. समुद्र इथून दूर असला तरी घाटाखालचा माल घाटावर येण्याची ही सवय फार जुनी आहे.

किती जुनी, ते जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत वाचायला मिळते. एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख येतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या नोंदी माहीत असल्या की सुपे विकणाऱ्या बुरुडापुढून आणि तांब्यापितळेच्या दुकानापुढून जाताना पाय थोडा रेंगाळतो. या गावाने पुढेही पुष्कळ काही विकले. जुन्नरचा हातकागद एके काळी मराठ्यांच्या दफ्तरांत वापरला जाई. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा विकायच्या आशेने चौलहून इथवर आला आणि पावसाळाभर अडकून पडला. इथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो, अशी अट घातली. शेवटी एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने घोडा सुटला. निकितिनने लिहून ठेवलेल्या चिखलाचे वर्णन वाचले की जुन्नरची सायकल सहल हिवाळ्यातच का करावी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुपारी जेवून मानमोडीच्या डोंगराकडे चालत निघालो. गावाच्या दक्षिणेला असलेला हा डोंगर पायथ्यापर्यंत अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर आहे. वाट शेतांच्या बांधावरून जाते, पुढे गवत आणि सुटे दगड लागतात. इथे तीन लेणीसमूह आहेत: भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग. शिवनेरी आणि लेण्याद्रीला असते तशी वर्दळ इथे नाही, पायऱ्या नाहीत, फलकही मोजकेच. म्हणूनच ही चाल मला सगळ्यांत आवडली. भीमाशंकर समूहातील एका लेखात महाक्षत्रप नहपान या शक राजाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये केलेल्या दानाची नोंद आहे. भूतलिंग समूहातील चैत्याच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या, दर्शनी कमानीत कमळाच्या पाकळ्यांसारखे कोरीव भाग केलेले असून, मधोमध लक्ष्मी आणि तिच्यावर पाणी ओतणारे हत्ती आहेत. त्याच कमानीत चंद नावाच्या यवनाचे नाव कोरलेले आहे. ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या कोणा व्यापाऱ्याने बौद्ध चैत्याचा दर्शनी भाग करून द्यावा आणि त्यावर गजलक्ष्मी असावी, यात त्या काळच्या जुन्नरला काही वावगे वाटले नसावे.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी. मानमोडीच्या कड्यावर आग्या माश्यांची मोठाली पोळी असतात. अत्तर लावून, मोठ्याने बोलत किंवा धूर करत इथे जाऊ नये. आम्ही अंबा-अंबिकेचा काही भाग पोळ्यांमुळे लांबूनच पाहिला.

सोमवार, १२ जानेवारी

पहाटे साडेपाचला शिवनेरीच्या पायथ्याकडे निघालो. गावातून पायथ्यापर्यंतचा रस्ता चढाचा आहे. सायकलने आला तरी शेवटचा भाग ढकलत न्यावा लागतो, म्हणून पायीच गेलेले बरे. गडावर जाणाऱ्या राजमार्गावर सात दरवाजे लागतात: महादरवाजा, पीर दरवाजा, परवानगी दरवाजा, हत्ती दरवाजा, शिपाई दरवाजा, फाटक दरवाजा आणि कुलूप दरवाजा. साखळदंडाची वाट गावाच्या बाजूने कातळातून सरळ वर जाते, पण तिच्यावर दोर आणि माहीतगार माणूस असल्याशिवाय पाय ठेवू नये. शिवाई देवीचे मंदिर, छत्रपती शिवाजी महाराजांचे जन्मस्थान, बदामी तलाव आणि कमानी मशीद या सर्वांविषयी इतके लिहिले गेले आहे की मी त्यात भर घालत नाही. १९ फेब्रुवारीच्या आसपास येणाऱ्यांनी मात्र गर्दीची तयारी ठेवावी.

मला थांबावेसे वाटले ते अंबरखान्यापाशी. गडावरचे हे धान्याचे कोठार आता पडझडीला आले आहे, तरी त्याचा पसारा पाहून किती धान्य साठवले जात असेल याचा अंदाज येतो. सतराव्या शतकात इथे आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढी शिदोरी गडावर असल्याचे लिहून ठेवले आहे. आकडा कदाचित फुगवलेला असेल. पण खाली बाजार आणि वर कोठार, ही रचना डोळ्यांपुढे असते. कडेलोटाच्या टोकावरून गाव आणि त्याभोवतीचा सारा आराखडा एका नजरेत येतो: समोर उत्तरेला लेण्याद्रीचा डोंगर, दक्षिणेला मानमोडी, मधून कुकडी आणि तिच्या काठाने दाटीवाटीने पसरलेली घरे. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही स्थापन केली तेव्हा राजधानी म्हणून जुन्नरच निवडले होते. नंतर चारच वर्षांनी त्याने अहमदनगर वसवले. इथून पाहिले की पहिली निवड पटते.

उतरताना पूर्वेकडच्या कातळात खोदलेली लेणी पाहिली. गडाच्या या बाजूला कितीतरी विहार आणि टाकी आहेत, पण राजमार्गाने चढून त्याच वाटेने उतरणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ती दिसतही नाहीत.

दुपारनंतर सायकली काढल्या आणि पाडळी-बारवच्या बाजूने तुळजा लेण्यांकडे गेलो. रस्ता गावातून पश्चिमेला चार-पाच किलोमीटर, जवळजवळ सपाट. सायकल खालच्या घराजवळ ठेवून थोडे चढले की लेणी येतात. इथला चैत्य गोल आहे. मधोमध स्तूप, त्याभोवती बारा साधे अष्टकोनी खांब आणि वर स्तूपाला झाकणारे घुमटाकार छत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचे हे काम असून, अशी रचना भारतात क्वचितच सापडते. खांबांवर नक्षी नाही, कोरीव मूर्ती नाहीत, तरी वीस मिनिटे आत बसून राहिलो. बहिणीने स्तूपाभोवती फिरत खांबांमधले अंतर पावलांनी मोजले आणि दोन ठिकाणी ते सारखे नाही म्हणून खोदणाऱ्याला दूषण दिले. सायकल असल्याने परत यायला पंधरा-वीस मिनिटे लागली.

मंगळवार, १३ जानेवारी

आज भोगी. सकाळी लॉजच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी डब्यात भरून दिली, "सायकलवर निघालाय, उन्हाचं काही तरी पोटात पडू द्या," असे म्हणत. उन्हाचा प्रश्न नव्हता. सातच्या सुमाराला बोटे गारठून ब्रेक नीट दाबता येत नव्हते.

आजची फेरी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची: जुन्नर, लेण्याद्री, ओझर, नारायणगाव आणि परत जुन्नर. रस्ता चांगला, चढउतार फारसे नाहीत, त्यामुळे सायकलीला नवखा असलेल्यालाही ती झेपेल. लेण्याद्री गोळेगावच्या वरच्या डोंगरात, जुन्नरपासून पाचेक किलोमीटरवर आहे. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेल्यावर लेण्यांची एक ओळ लागते आणि त्यांतील सातव्या लेण्यात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज आहे. अष्टविनायकांत डोंगरावर आणि बौद्ध लेण्यात असलेला हा एकच. दर्शनाची रांग सोडून शेजारच्या सहाव्या लेण्यात शिरलो. तो चैत्य आहे, खांबांवर हत्ती, बैल आणि सिंह बसलेले आहेत आणि लेखात कल्याणच्या हेरणिकाचा (बहुधा सोनाराचा) मुलगा सुलसदत्त याने हे दान दिल्याचे कोरले आहे. कल्याणचा माणूस इथे, घाटाच्या वर, एवढे मोठे काम करून घेतो. म्हणजे घाटाची ही वाट त्याच्या रोजच्या उलाढालीतली असणार.

लेण्याद्रीहून ओझरकडे जाणारा रस्ता उसाच्या आणि द्राक्षबागांच्या मधून जातो. या दिवसांत साखर कारखान्याचा हंगाम चालू असतो, त्यामुळे विघ्नहर कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर आणि त्यांना जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या सायकलस्वाराची परीक्षा घेतात. ट्रॉलीतून बाहेर आलेले उसाचे शेंडे जवळून जाताना खांद्याला चाटून जातात. ट्रॉली मागून येत असली की सरळ रस्त्याच्या कडेला उतरून थांबावे, मान खाली घालून पुढे रेटू नये. उसातून बिबट्या निघण्याची भीतीही इथे नुसती सांगोवांगीची नाही. वनविभागाने ठिकठिकाणी फलक लावले आहेत, माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, आणि लोक अंधार पडला की मुले घरात घेतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला उसाच्या कडेने एकट्याने सायकल चालवू नये, असे बाजारातल्या दोघातिघांनी आम्हाला निक्षून सांगितले आणि आम्ही ते पाळले.

ओझरचा विघ्नेश्वर कुकडीच्या काठावर आहे आणि येडगाव धरणाचे पाणी मंदिराच्या जवळपर्यंत येते. चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर इथल्या शिखराला सोनेरी कळस चढवला, असे सांगतात. पाण्याच्या कडेला बसून डबा उघडला आणि भोगीच्या भाजीतली गाजरे उन्हात बसून खाल्ली.

नारायणगाव दुपारी बाराच्या सुमाराला आले. टोमॅटोचा बाजार म्हणून हे गाव राज्यभर माहीत आहे, पण टोमॅटोची खरी आवक उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला असते, त्यामुळे जानेवारीत बाजार समितीचे आवार काहीसे रिकामे दिसते. तमाशाचे गाव म्हणूनही ते ओळखले जाते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच, आणि यात्रांच्या हंगामाआधी गावोगावचे पंच इथे तमाशाच्या सुपाऱ्या द्यायला येतात. तोही हंगाम अजून लांब होता. मग मासवडी आणि रस्सा एवढाच कार्यक्रम उरला. चांगल्या मासवडीत सारण खोबरे, तीळ आणि लसणाचे असते आणि बेसनाचे पातळ आवरण तुटत नाही. रस्सा तिखट असल्याने पुढचे पंधरा किलोमीटर पाणी पीत गेलो. ज्यांच्या पायांत आणखी बळ असेल त्यांनी नारायणगावहून खोडदपर्यंत जावे. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्यांपैकी प्रत्येक ४५ मीटर व्यासाची आहे आणि चौदा तबकड्या मधल्या भागात, बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या आहेत. आत जाण्यासाठी परवानगी लागते, पण शेतात उभ्या असलेल्या तबकड्या रस्त्यावरूनही दिसतात.

बुधवार, १४ जानेवारी

या आठवड्यातला मुख्य टप्पा आजचा. जुन्नरहून आपटाळे, चावंड, पूर, फांगुळगव्हाण, घाटघर आणि पुढे नाणेघाट, अशी सुमारे तीस किलोमीटरची वाट. मोटारीतून ती तासाभरात संपते आणि डोक्यात काहीच राहत नाही. सायकलवर मात्र प्रत्येक चढ मांड्यांना कळतो, आणि तो कळला की या व्यापारी वाटेचे गणित उलगडत जाते. रस्ता लाटांसारखा वरखाली होत पश्चिमेकडे जातो. आपटाळ्यानंतर ऊस आणि द्राक्षे मागे पडतात, भातखाचरांचे कोरडे बांध आणि मधूनमधून हिरड्याची झाडे दिसू लागतात. लादलेल्या बैलालाही पेलेल असा हा हळुवार चढ आहे. शेवटच्या घाटाखेरीज कोठे कडा चढून जावे लागत नाही. म्हणून व्यापाऱ्यांनी हे खोरे धरले असावे, असे मला ओझे लादलेली सायकल चढवताना वाटले.

चावंडचा किल्ला रस्त्याजवळ उभा आहे. सायकली गावात एका घराच्या पडवीत ठेवून वर गेलो. १८१८ मध्ये इंग्रजांनी इथल्या पायऱ्या तोडल्या, त्यामुळे वरच्या टप्प्यात कातळात कसेबसे पाय ठेवत, आता बसवलेल्या लोखंडी कठड्याला धरून चढावे लागते. शिवाजी महाराजांनी या गडाला प्रसन्नगड नाव दिले होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीतल्या भांडणात लहानग्या बहादूरशहाला इथेच कैदेत ठेवले होते. गडावर एका रांगेत खोदलेली सात टाकी आहेत. त्यांना सप्तमातृका म्हणतात. वरून माणिकडोह धरणाचा जलाशय, शहाजीसागर, उत्तरेला पसरलेला दिसतो.

पूरला कुकडेश्वराचे मंदिर आहे. काळ्या दगडाचे, भरपूर कोरीव काम असलेले हे शिवमंदिर कुकडी नदीच्या उगमाजवळ उभे आहे. मंडपाच्या खांबांवरचे काम पाहायला किमान अर्धा तास द्यावा. जुन्नरच्या बाजारात काल-परवा पाहिलेली कुकडी इथे ओढ्याएवढी आहे.

घाटघरला पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. जीवधन किल्ल्याच्या पायथ्याच्या या गावात घरगुती राहण्याची सोय होते. संक्रांत असल्याने घरातल्या वहिनींनी आल्याआल्या तिळगूळ हातावर ठेवला आणि बहिणीला हळदीकुंकवाला ओढून नेले. मी अंगणात आजोबांशी बोलत बसलो. त्यांचे म्हणणे असे की खालच्या मुरबाड तालुक्यातली म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला सुरू होते आणि पूर्वी घाटावरची माणसे नाणेघाट उतरून चालत जात. "आमचा आजा जायचा की. जाताना हिरडा नि तांदूळ, येताना मीठ, सुकी मासळी नि घोंगडी. बैल घेतला तर तोच घाटातून वर चालवत आणायचा. आता पोरं गाडीनं माळशेजवरनं फिरून जातात." जत्रा यंदाही नुकतीच संपत आली होती. नाणेघाटातून माल वाहणे अगदी अलीकडच्या पिढीपर्यंत चालू होते, हे इतक्या सहजपणे ऐकायला मिळेल असे वाटले नव्हते.

गुरुवार, १५ जानेवारी

सूर्योदयाआधी नाणेघाटाच्या तोंडाशी आलो. घाटघरपासून सायकलने हे अंतर फार नाही आणि सकाळी गाड्या नसतात. पावसाळ्यात उलटा धबधबा पाहायला इथे शनिवार-रविवारी अफाट गर्दी होते. त्या दिवसांत जुन्नरकरही इकडे फिरकत नाहीत. हिवाळ्यातली सकाळ मात्र रिकामी होती, आणि वारा खालून कोकणातून वर येत होता. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे सांगितले जाते. रांजणाची रुंदी पाहता ही गोष्ट टिकून राहिली याचे नवल वाटत नाही.

थोडे खाली उतरले की नाणेघाटाची प्रसिद्ध गुहा लागते. आत डाव्या आणि उजव्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. त्यात अनेक यज्ञांची यादी आणि प्रत्येक यज्ञातल्या दक्षिणेचा हिशेब दिला आहे: गाई, घोडे, हत्ती, गावे आणि २४,४०० कार्षापणांसारख्या (त्या काळच्या नाण्यांतल्या) रकमा. ब्राह्मी अंक इतक्या मोठ्या संख्येने आणि इतक्या जुन्या काळात इथे आढळतात, म्हणून अंकांच्या इतिहासात हा लेख महत्त्वाचा आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. आज त्यांचे पाय आणि वर सिमुक, नागनिका, सातकर्णी अशी नावे तेवढी उरली आहेत. लेखाच्या अक्षरांवर हात फिरवणाऱ्यांनी आणि स्वतःचे नाव खरडणाऱ्यांनी काही भाग बराच झिजवला आहे. गुहेच्या आसपासच्या टाक्यांपैकी एकावर सोपारकर गोविंददासाने ते दिल्याचा लेख आहे. सोपाऱ्याच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, माणसाने घाटात पाण्याची सोय करून ठेवली होती.

त्यानंतर खाली वैशाखरेच्या बाजूने अर्ध्या घाटापर्यंत उतरलो. घाटाच्या वरच्या भागात दगडी फरसबंदी आणि पायऱ्या अजून आहेत. मधे त्या नाहीशा होतात आणि पायवाट दाट झाडीत शिरते. खालून वर येणारे दोन तरुण भेटले, ठाण्याहून पहाटे आलेले. त्यांना गुहेतल्या लेखात कल्याणचे नाव शोधायचे होते. ते लेण्याद्रीला आहे, असे सांगितल्यावर त्यांनी लगेच जुन्नरची बस कधी आहे, याची चौकशी केली. परत वर यायला दीड तास लागला. दुपारनंतर सायकलीवर जुन्नरकडे निघालो. उतार आपल्या बाजूला असल्याने येताना दोन तासही लागले नाहीत.

शुक्रवार, १६ जानेवारी

शेवटचा दिवस हडसरसाठी ठेवला होता. जुन्नरहून माणिकडोहकडे जाणारा रस्ता धरणाच्या जवळून जातो आणि पुढे हडसर गावापर्यंत बराचसा सोपा आहे. शेवटचे दोन-अडीच किलोमीटर मात्र चढ जाणवतो. गडाचे दुसरे नाव पर्वतगड. त्याचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे दरवाजे आणि पायऱ्या एकाच कातळात खोदून काढल्या आहेत. बाहेरून पाहिले तर दरवाजा दिसतच नाही. वळणाआड शिरले की कातळाच्या मध्ये एकदम कमान उभी राहते आणि पुढे वळून दुसरी. सगळा दगड जागेवरच कापून काढला आहे, कुठेही बाहेरून आणून बसवलेला नाही. छिन्नीच्या खुणा काही ठिकाणी अजून स्पष्ट दिसतात. वर महादेवाचे मंदिर, पाण्याचे तलाव आणि धान्याच्या कोठ्या आहेत. शहाजीराजांनी मुघलांशी केलेल्या तहात सोडलेल्या किल्ल्यांत हडसरही होता. पायथ्याजवळच्या जलाशयाला शहाजीसागर हे नाव देणाऱ्याने तो संदर्भ मनात ठेवला असावा.

गडावरून पाहताना जलाशयाची निळी पट्टी चावंडच्या पायथ्यापर्यंत जाते. हे पाणी कुकडीतून येडगावपर्यंत वाहते आणि तिथून डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्यापर्यंत पोहोचते. नाणेघाटाने वर आलेला माल पूर्वेकडे जायचा, आता त्याच दिशेने कुकडीचे पाणी जाते. आणि जलाशयाच्या वरच्या वाड्यांत उन्हाळ्यात पाण्याची ओरड असते, असे हडसर गावातल्या दुकानदाराने चहा ओतता ओतता सांगितले.

हडसरच्या पुढे उत्तरेला निमगिरीवरून माळशेजच्या रस्त्याला मिळता येते. गिअरची सायकल, पंक्चरचे साहित्य आणि मुक्कामाची आगाऊ सोय असेल तर तो दोन दिवसांचा बेत ठरेल; वाटेत दुकाने तुरळक आहेत, म्हणून पाणी आणि खाणे जुन्नरहूनच घ्यावे. आम्ही दुपारी एकपर्यंत जुन्नरला परतलो, सायकली धुऊन गाडीला बांधल्या आणि गोळेगावच्या रस्त्यावर काळ्या द्राक्षांची दोन किलोची पेटी घेऊन नारायणगावकडे वळलो.